वय २९, हिशेबतपासणीची नोकरी, आणि आता मानसशास्त्रज्ञ व्हायचंय. वेडेपणा आहे का?

अधांतर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

सहा वर्षं हिशेबतपासणीत आहे. काम वाईट नाही, जमतंही. पण ऑफिसात कुणाचं काही बिनसलं की तो माणूस फिरून फिरून माझ्याच टेबलाशी येतो. मागच्या वर्षी एका सहकाऱ्याची आई गेली. कामावर परतला त्या दिवशी तो जिन्यात बसलेला दिसला, मी शेजारी जाऊन बसलो. तो दोन तास बोलला, मी फार तर दहा वाक्यं. उठताना म्हणाला, "तू चुकीच्या धंद्यात पडलायस." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

चौकशी केली तर कळलं, माझी पदवी दुसऱ्याच विषयातली, म्हणजे पायापासून सुरुवात. परवाना हातात पडेपर्यंत छत्तिशी-सदतिशी उजाडेल. घरचे म्हणतात, लोकांची रडगाणी ऐकून ऐकून तुझंच डोकं फिरेल. मला विचारायचंय ते एवढंच: नीट ऐकता येणं हे या कामाला पुरेसं भांडवल आहे का? की जिन्यातल्या एका दुपारीच्या भरवशावर मी आयुष्य बेतायला निघालोय? आणि या लोकांचा दिवस खरोखर जातो कसा? गुळमुळीत उत्तरं नकोत.

पी_लहान

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण मराठीत तो फार आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे आधी वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर. तो औषधं लिहितो. मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्र शिकलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी औषधं लिहू शकत नाही. (अमेरिकेत न्यू मेक्सिकोने २००२ साली जादा प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांना ती मुभा दिली, मागोमाग आणखी काही राज्यांनी. पण तो अपवादच.) समुपदेशक ही तिसरी वाट, तिचे अभ्यासक्रम वेगळे. आणि 'मानसोपचारतज्ज्ञ' ही पाटी आपण यांतल्या कुणालाही लावून मोकळे होतो.

दुसरं. मानसशास्त्रज्ञ म्हणजे समोर बसून ऐकणारा माणूस, हे चित्र अर्धवट आहे. मी स्मरणशक्तीवर प्रयोग करतो, आयुष्यात एकाही क्लायंटसमोर बसलेलो नाही. १८७९ साली वुंटने, म्हणजे ज्याला प्रायोगिक मानसशास्त्राचा जनक म्हणतात त्याने, लाइपझिगला प्रयोगशाळा थाटली तेव्हा तिथे कुणी कुणाचं सांत्वन करत नव्हतं. आवाज ऐकल्यापासून कळ दाबेपर्यंत किती वेळ जातो, असल्या गोष्टी मोजत होते. तू पदवीला बसलास की पहिली दोन वर्षं तुझीही त्यातच जाणार: प्रयोगाची आखणी, नमुना किती मोठा घ्यायचा, आणि संख्याशास्त्र, संख्याशास्त्र, संख्याशास्त्र. वर्गातली निम्मी मुलं 'लोकांना मदत करायचीय' म्हणून आलेली असतात आणि टी-टेस्टपाशी (दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा की योगायोग, ते तपासायचं गणित) त्यांचे चेहरे उतरतात. (ती टी-टेस्ट एका बिअरच्या कारखान्यात जन्माला आली. गॉसेट गिनेसमध्ये नोकरीला होता, १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने ती छापली. हे सांगितलं की वर्ग जरा जागा होतो.)

आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा करून बघितले गेले. मुळात त्यातल्या ९७ टक्क्यांचे निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय होते, म्हणजे नुसत्या योगायोगावर ढकलता येणार नाहीत असे. पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे आले. ज्या शास्त्राच्या वह्यांत एवढी तफावत निघते, तिथे हिशेबतपासनीस आला तर मला आनंदच आहे.

काळी_शाई

पी_लहान, वर्ग तुझा चालू दे, जिन्याबद्दल मी बोलते.

अधांतर, १८ वर्षं क्लिनिकल काम करतेय, शेवटची सात शिकाऊंच्या सुपरव्हिजनसकट. जिन्यात तू जे केलंस ते चांगलंच केलंस, त्यात खोट काढायची नाही. पण तिथे तू मित्र होतास. तो माणूस उद्या तुझ्याकडे आला नाही तर तुझं काही चुकलं असं होत नाही, तू काय बोललास ते कुणी तपासत नाही, आणि तुझंही दुःख कधीतरी त्याने ऐकायचं असतं. या कामात तिन्ही गोष्टी उलट्या.

माझी पहिली टेप सांगते. शिकत असताना क्लायंटची लेखी परवानगी घेऊन सेशन रेकॉर्ड करायचं आणि आठवड्याने सुपरव्हायझरसमोर ऐकायचं, अशी पद्धत होती. (ही प्रथा रुजवली ती कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. १९४०च्या सुमारास त्याने बोलणी तबकड्यांवर उतरवायला सुरुवात केली. त्याआधी खोलीत काय झालं ते बहुतेक वेळा थेरपिस्टच्या आठवणीवर सोडलेलं असायचं. थेरपिस्टची आठवण थेरपिस्टच्या बाजूचीच असते.) माझी क्लायंट एक बाई होती, तपशील मी बदललेत. सातव्या मिनिटाला ती म्हणाली, "संध्याकाळी घरी गेले की मी दिवा लावत नाही." आणि थांबली. मी लगेच म्हणाले, "थकून जात असाल ना." ती म्हणाली, "हो, थकते." पुढची चाळीस मिनिटं आम्ही थकव्यावर बोललो. मला वाटलं, काय छान सूर जुळलाय! नोंदीत लिहिलं: थकवा, निरुत्साह, नैराश्याची शक्यता.

सुपरव्हायझरने टेप मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा मागे घेतली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "ही शांतता कुणाला झेपली नाही?"

पुढच्या आठवड्यात मी त्या बाईंना म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही दिव्याचं म्हणालात, मी मध्येच बोलले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दिवा लागला की खाली उभा असतो त्याला कळतं मी आलेय."

नैराश्य नव्हतं. माणूस होता, खाली उभा असलेला. आणि मी तिचं वाक्य तिच्या वतीने पुरं करून टाकलं होतं. मला ऐकता येतं, हे मला लहानपणापासून सगळे सांगत आले होते बरं का. तुझ्यासारखंच.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: ऐकता येणं हे भांडवल नाही. स्वतःचं ऐकणं दुसऱ्याकडून तपासून घेता येणं, हे आहे. वर्षानुवर्षं, दर आठवड्याला, आणि कान लाल झाले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा टेप घेऊन जाणं. माझ्या हाताखालून जे सोडून गेले ते दुःख ऐकवत नाही म्हणून गेले नाहीत. बरेचसे हुशार होते. त्यांना चूक दाखवलेली सोसायची नाही.

आता दिवस. माझा मंगळवार घे. पन्नास-पन्नास मिनिटांची चार सेशन्स, मधल्या दहा मिनिटांत नोंदी. नोंद म्हणजे डायरी नव्हे. उद्या ती कोर्टात वाचली गेली तर चालेल, आणि क्लायंटने मागून वाचली तर तिचा अपमान होणार नाही, अशी दोन्ही बाजूंनी धार लावून लिहायची. प्रश्नावल्या असतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची एक आहे: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, बेरीज ० ते २७. तू आकड्यांचा माणूस, तुझी नजर बेरजेवर जाईल. आम्हाला आधी नववा प्रश्न बघायला शिकवतात. तो मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज सहा असली आणि तिथे एक असला, तरी बेरीज बाजूला ठेवून तिथे थांबायचं.

दुपारी बहुधा एखाद्या मुलाची चाचणी. बुद्धिमापनाच्या वेक्स्लर चाचणीत ठोकळ्यांचा एक भाग असतो. काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरप्या रेषेने अर्ध्या-अर्ध्या. समोरच्या चित्राप्रमाणे जुळवायचे, आणि माझ्या हातात स्टॉपवॉच. मागे एक नऊ वर्षांचा मुलगा दर ठोकळ्याला माझ्या तोंडाकडे बघायचा. ठोकळा ठेवला, बघितलं. ठेवला, बघितलं. 'बरोबर' म्हणायची मला परवानगी नाही, 'चूक' म्हणायचीही नाही. मेहनत करतोयस एवढंच म्हणता येतं. एका आकृतीत शेवटचा ठोकळा त्याने अगदी बरोबर ठेवला, माझ्याकडे बघितलं, माझा चेहरा तसाच, आणि त्याने तो उचलून उलटा ठेवला. वेळ संपली. मॅन्युअलप्रमाणे गुण शून्य. पण अहवालात मी त्या शून्याला एक ओळ दिली आणि तो उलटवलेला ठोकळा पूर्ण परिच्छेदात लिहिला. कारण वर्गात तो हेच करत होता: उत्तर येत होतं, बाईंचा चेहरा बघून खोडत होता. अशा एका मुलाच्या चाचण्या, गुण आणि अहवाल यात माझा जवळजवळ दीड दिवस जातो. त्यात 'ऐकणं' म्हणशील तर तासभर.

(चाचणीआधी मी दर वेळी विचारते, चष्मा आणलायस का. लाइटनर विटमरने १८९६ साली पेनसिल्व्हेनियात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं, तेव्हा पहिली केस शुद्धलेखन न जमणाऱ्या १४ वर्षांच्या मुलाची होती. तपासल्यावर निघालं, त्याच्या डोळ्यांत दोष होता. माझ्याकडेही अशी दोन मुलं येऊन गेलीत.)

डोकं फिरेल का, हे घरच्यांचं म्हणणं. दुःख ऐकून नाही फिरत. मला सतावतात ते न आलेले. तीन सेशन्स चांगली झाली, चौथ्या बुधवारी चारला माणूस आलाच नाही. एक फोन करायचा, एक निरोप ठेवायचा, बस. पन्नास मिनिटं रिकाम्या खुर्चीसमोर. बरा झाला? चिडला? की दुसरंच काही झालं? बऱ्याचदा कधीच कळत नाही. तुझ्या धंद्यात वर्षअखेरीला ताळेबंद जुळतो किंवा जुळत नाही. इथे अर्ध्या वह्या उघड्याच राहतात. त्या तशा ठेवून झोप येत असेल, तर बाकीचं शिकता येईल.

अर्धी_वाट

काळीताईंचं वाचून मलाही जुने दिवस आठवले, पण मी दुसरी बाजू सांगते. मी पदव्युत्तर करून ही वाट सोडली. मनाने नाही, कागदाने.

माझा अभ्यासक्रम चांगला होता, शिकवणारे चांगले होते. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एका वर्गमैत्रिणीने परवाना देणाऱ्या संस्थेची यादी उघडली आणि आमचा अभ्यासक्रम त्या यादीत नाही हे आम्हाला तिथे, कँटीनच्या टेबलावर, तिच्या फोनवर कळलं. माहितीपत्रकात 'क्लिनिकल' हा शब्द सात वेळा होता. मी मोजला. संस्थेचं म्हणणं, परवाना मिळेल असं आम्ही कुठे लिहिलंय? खरंच, लिहिलं नव्हतं.

तेव्हा अधांतर, फी भरायच्या आधी उलट्या टोकाने सुरुवात कर. जिथे काम करायचंय तिथला परवाना कोण देतं, त्यांची मान्य अभ्यासक्रमांची यादी कुठे आहे, देखरेखीखालचे किती तास लागतात, ते आधी. देशोदेशी फार फरक आहे. ब्रिटनमध्ये नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' कुणीही म्हणवून घेऊ शकतो, पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवायला नोंदणी लागते. ऑस्ट्रेलियात 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्दच नोंदणीशिवाय वापरता येत नाही. अमेरिकेत स्वतंत्र कामाला साधारणपणे डॉक्टरेट, शिवाय २२५ प्रश्नांची एक परीक्षा. माहितीपत्रकावर जाऊ नकोस, यादीवर जा.

मी सध्या कंपन्यांसाठी निवडचाचण्या तयार करते. कोणता प्रश्न काय मोजतो, कुणावर अन्याय करतो, तो काढायचा की दुरुस्त करायचा. आवडतं मला. संध्याकाळी सहाला काम डोक्यातून उतरतं. पहिली दोन वर्षं मात्र कुणी 'मी थेरपिस्ट आहे' म्हटलं की पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू.

अधांतर

तिघांचेही मनापासून आभार. दिव्याचं वाचून मी काल रात्री बराच वेळ आठवत बसलो, त्या जिन्यात मी त्याची किती वाक्यं पुरी केली होती. दोन तरी नक्की.

यादी उघडली. मला सोयीचा वाटत होता तो अभ्यासक्रम तिच्यात नाही! दुसरा एक आहे, तो एक वर्षाने लांब आहे.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लपवली होती. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः आठ महिने थेरपी घेतली, काही काळ गोळ्याही. आता ठीक आहे. हे प्रवेशाच्या मुलाखतीत सांगायचं की गिळायचं? आणि असा माणूस दुसऱ्यासमोर बसायला लायक असतो का?

काळी_शाई

लायकीचं आधी. मार्शा लिनेहन ठाऊक आहे? स्वतःला इजा करणाऱ्या, सतत मरणाच्या काठावर असणाऱ्या लोकांसाठी तिने डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही उपचारपद्धती बांधली, ती आज जगभर शिकवतात. २०११ साली, साठी उलटून गेल्यावर, तिने जाहीरपणे सांगितलं की १७व्या वर्षी ती स्वतः मनोरुग्णालयात होती आणि स्वतःला इजा करत होती. एवढी वर्षं बोलली नव्हती. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या: असा माणूस हे काम करू शकतो, आणि ते कधी, कुठे, किती सांगायचं हे तो ठरवू शकतो.

मुलाखतीचं. मी मुलाखती घेते म्हणून सांगते. 'मला हे झालं होतं म्हणून मला लोकांचं दुःख कळतं' असं कुणी म्हटलं की मी सावध होते. कारण समोरच्याचं दुःख तुझ्यासारखं नसणारच, आणि हा माणूस पहिल्याच सेशनला तिचा दिवा विझवून आपला लावणार. 'मी थेरपी घेतली, आणि खुर्चीच्या त्या बाजूला बसल्यावर अमुक एक गोष्ट फार बोचली' असं सांगणाऱ्याकडे मी पुढे सरकून ऐकते. विचारल्याशिवाय सांगायची सक्ती नाही. परवान्याच्या अर्जात प्रकृतीबद्दल प्रश्न असेल तर मात्र तिथे खोटं लिहू नये. बरं झालेलं दुखणं क्वचित आड येतं, खोटी सही नक्की येते.

आणि नोकरी सोडायची घाई नको. आधी एखाद्या हेल्पलाइनचं प्रशिक्षण घे, जिथे तुझे कॉल कुणीतरी ऐकतं आणि नंतर तुला बोलावून घेतं. सहा महिने. त्या बोलावण्याआधी पोटात गोळा येतो का बघ. येईलच. तरी जातोस का, ते बघ.

पी_लहान

आणि संध्याकाळचा एखादा संख्याशास्त्राचा वर्ग. हे मी सांगितलं नसतं तर ताईंनी सांगितलं नसतं.

काळी_शाई

सांगणार होते. कंटाळून नव्हतं सांगितलं.

अधांतर

पाच आठवड्यांनी लिहितोय. हेल्पलाइनचं प्रशिक्षण सुरू झालंय, संख्याशास्त्राचाही वर्ग लावला. तिथे मी सगळ्यांत म्हातारा आणि सध्या तरी सगळ्यांत पुढे.

काल तो जिन्यातला सहकारी पुन्हा टेबलाशी आला. म्हणाला, "झोप लागत नाही." माझ्या तोंडावर आलं होतं, 'कामाचा ताण असेल.' गिळलं. मनातल्या मनात आकडे मोजत राहिलो. नवापर्यंत गेलो. मग तो म्हणाला, "खरं तर झोपायची भीती वाटते."

काळी_शाई

नऊपर्यंत मोजलंस म्हणजे नऊ सेकंद त्याच्याकडे तुझं लक्ष नव्हतं. असू दे, पहिल्या वर्षी सगळेच मोजतात. पुढे काय केलंस? त्याला कुणाकडे पाठवलंस का?

अधांतर

नाही. ऐकत बसलो, तासभर.

काळी_शाई

तू त्याचा सहकारी आहेस, त्याचा थेरपिस्ट होऊ शकत नाहीस. आणखी सात वर्षांनीही, परवाना भिंतीवर लावल्यावरही, त्याचा नाही. आई जाऊन वर्ष झालं आणि झोपायची भीती वाटते, हे कुणीतरी नीट बघायला हवं. तुझ्या त्या थेरपिस्टला फोन करून विचार, अशा केसेस कोण घेतं. दोन नावं घे आणि त्याच्या हातात दे.

अधांतर

उद्या सकाळी करतो.